युरोपात रेल्वेने, मोबिलिटी स्कूटर घेऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा आइंडहोवनला, नाहीतर मुलगी फ्रँकफर्टला. आईबाबांचा व्हिसा झालेला. आणि गुडघे म्हणतात, आमचं काही खरं नाही. बरेचसे प्रश्न अशाच घरांतून येतात. मी स्वतः घडीची चारचाकी मोबिलिटी स्कूटर (चालणं जड जाणाऱ्यांसाठीची, बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी) वापरते, सोबत नवरा असतो, आणि युरोप बसमधून बघण्यात मला रस नाही. त्यामुळे उत्तरांत रेल्वेकडे झुकतं माप दिसेल. कुठल्या देशात जायचं हे ठरवण्याआधी एक काम करा: टेप घ्या आणि स्कूटर मोजा. पुढचं सगळं त्या आकड्यांवर अवलंबून आहे.

स्कूटर घेऊन गाडीत चढू देतात का?

बहुतेक ठिकाणी देतात, पण सरसकट कुठलीही स्कूटर नाही. युरोपातले नवे डबे एका ठरावीक मापाच्या व्हीलचेअरवर बेतलेले असतात. युरोपीय महासंघाच्या २०१४ च्या नियमावलीत ते माप दिलेलं आहे: लांबी १२० सेंमी, शिवाय पावलांसाठी पुढे ५ सेंमी, रुंदी ७० सेंमी, शिवाय हातांसाठी दोन्ही बाजूंना ५-५ सेंमी. इलेक्ट्रिक खुर्ची, तिच्यावरचा माणूस आणि सामान मिळून वजन ३०० किलो. डब्याचा दरवाजा, आतली जागा, रॅम्पची ताकद, सगळं यावरून ठरतं. तुमची स्कूटर या चौकटीत बसत असेल तर बोलणं सुरू होतं. बसत नसेल तर फोनवरच नकार मिळतो, आणि त्यात समोरच्याचा दोष नसतो.

व्हीलचेअरच्या तुलनेत स्कूटरवर रेल्वेवाले जास्त प्रश्न विचारतात. याला कारण वळण्याचं आहे. पॉवर व्हीलचेअर जागच्या जागी गिरकी घेते. स्कूटरला पुढेमागे करत वळावं लागतं, आणि डब्यात वळायला जेमतेम दीड मीटर व्यासाची जागा असते. म्हणून लांबीइतकंच 'वळायला किती जागा लागते' हेही विचारतात. तुमच्या स्कूटरच्या माहितीपत्रकात टर्निंग रेडियस दिलेला असतो. तो आकडा लिहून ठेवा.

मग कुठली स्कूटर न्यावी?

रेल्वेसाठी माझं मत स्पष्ट आहे: घडीची किंवा सुटे भाग होणारी छोटी स्कूटर. लांबी मीटरभर, वजन पंचवीस-तीस किलो. रस्त्यावर ताशी १२-१३ किलोमीटर धावणाऱ्या, आरसे आणि इंडिकेटरवाल्या मोठ्या स्कूटरचा गाडीत विचारच करू नका. त्या बहुतेक १४० सेंमीच्या पुढे असतात.

तीनचाकी की चारचाकी? तीनचाकी कमी जागेत वळते, म्हणून डब्यात आणि लिफ्टमध्ये सोयीची. पण तिरक्या फुटपाथवर आणि ट्रामच्या रुळांवर ती कलंडायला बघते. मी चारचाकी घेतली आणि वळण्याची कटकट पत्करली. टायर मात्र भरीव घ्या. हवेच्या टायरवर बसायला मऊ वाटतं खरं, पण पंक्चर झालं तर त्या मापाची ट्यूब रविवारी एखाद्या स्विस गावात शोधणं म्हणजे अख्खा दिवस वाया.

घडी घातली तर साधं सामान म्हणून नेता येईल ना?

येतं, आणि थोडं चालता येत असेल तर हाच सगळ्यात सुटसुटीत मार्ग. स्कूटरची घडी करून सामानाच्या जागेत ठेवायची, आपण साध्या सीटवर बसायचं. व्हीलचेअरची जागा आरक्षित करण्याची धावपळ वाचते. फक्त हे बघा की तीस किलोचा तो ऐवज दोन पायऱ्यांवरून आत कोण चढवणार आहे. रेल्वेचा मदतनीस बोलावला तरी तो वजन उचलेलच असं नाही. त्याचं काम रॅम्प आणि लिफ्टचं. सत्तरीतल्या नवऱ्यावर विसंबून बेत आखू नका.

बुकिंग करताना "ई-स्कूटर" म्हटलं तर नाही म्हणाले. का?

कारण त्यांना वाटलं तुम्ही उभं राहून चालवायची, पोरं वापरतात ती इलेक्ट्रिक स्कूटर आणताय. बॅटऱ्या पेटण्याच्या घटनांनंतर काही शहरांनी ती गाड्यांत आणायला बंदी केली आहे. बार्सिलोना त्यांतलंच एक. तुमची स्कूटर अपंगत्वासाठीचं साधन आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. नेदरलँड्समध्ये 'स्कूटमोबिल' म्हटलं की शेंबडं पोरही ओळखतं. जर्मनीत 'एलेक्ट्रोमोबिल' म्हणा. ईमेलला स्कूटरचा फोटो जोडला तर आणखी उत्तम.

मदत कशी मागवायची? किती आधी?

युरोपीय महासंघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नवा कायदा ७ जून २०२३ पासून लागू झाला. त्याप्रमाणे मदतीसाठी सर्वसाधारणपणे २४ तास आधी कळवायचं. पूर्वी हेच ४८ तास होते. मदत पूर्ण मोफत असते. एका प्रवासात दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या असल्या तरी एकाच ठिकाणी कळवलं की पुढे पोचावं, अशी व्यवस्था कायद्यात आहे. तरी मी प्रत्येक देशाच्या रेल्वेला वेगळी ईमेल टाकते. सीमेपलीकडच्या स्टेशनावर निरोप पोचला की नाही याची काळजी करत गाडीत बसणं माझ्या स्वभावात नाही.

ब्रिटन महासंघाबाहेर आहे. तिथल्या पॅसेंजर असिस्ट सेवेला २०२२ पासून दोन तास आधी कळवलं तरी चालतं, आणि त्यांचं अ‍ॅपही आहे. नेदरलँड्समध्ये तर तासभर आधी कळवून काम होतं. लांबच्या आंतरराष्ट्रीय गाडीसाठी मात्र हे कमाल-किमान विसरा आणि आठवडाभर आधी लिहा.

ईमेलमध्ये इतकं असू द्या: तारीख, गाडी क्रमांक, कुठून कुठे, स्कूटरची लांबी, रुंदी, वजन, तुमच्यासकट एकूण वजन, बॅटरीचा प्रकार, पायऱ्या चढता येतात का, सीटवर सरकून बसता येतं का, सोबत कोण आहे. वजन सांगताना लाजू नका. रॅम्पला तुमच्या लाजेची कल्पना नसते.

आपलं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड तिकडे चालतं का?

सवलतीसाठी नाही. जर्मनीतला लोकलचा मोफत प्रवास वगैरे तिथल्या रहिवाशांसाठी आहे. युरोपीय महासंघ स्वतःचं अपंगत्व कार्ड आणतो आहे, तेही तिथे राहणाऱ्यांसाठीच. मदतीसाठी मात्र सहसा कुणी कागद मागत नाही. संधिवात आहे, फार चालवत नाही, एवढं सांगणं पुरतं. आपल्याकडे आधी कार्ड, मग शिक्का, मग सही अशी सवय असल्यामुळे याचा विश्वास बसायला वेळ लागतो. यूडीआयडी असेल तर जवळ ठेवा. संग्रहालयांच्या तिकीट खिडकीवर कधीकधी सोबत्याचं तिकीट माफ होतं.

ब्रिटनमध्ये डिसेबल्ड पर्सन्स रेलकार्डवर धारक आणि एका सोबत्याला एकतृतीयांश सूट मिळते, पण ते काढायला पात्रतेचा पुरावा लागतो. युरोपात कंपनीने 'सोबत माणूस असलाच पाहिजे' अशी सक्ती केली, तर त्या माणसाला फुकट न्यायचं असं कायदाच सांगतो.

प्रत्यक्ष गाडीत चढवतात कसं?

ठरलेल्या जागी, बहुधा माहिती केंद्रापाशी, वेळेवर जाऊन थांबायचं. गाडीच्या वेळेच्या एक तासाहून आधी तुम्हाला बोलावता येत नाही. वेळ ठरलेली नसेल तर किमान अर्धा तास आधी पोचा. चमकत्या जाकिटातला माणूस येतो आणि तुम्हाला प्लॅटफॉर्मच्या नेमक्या टोकाला नेऊन उभं करतो.

पुढे दोन प्रकार. गाडीची फरशी आणि प्लॅटफॉर्म यांत थोडाच फरक असेल तर घडीचा रॅम्प टाकतात. फरक मोठा असेल तर लिफ्ट येते. ही लिफ्ट म्हणजे चाकांवरचा लोखंडी पिंजरा. एरवी प्लॅटफॉर्मवरच कुलूप लावून ठेवलेला असतो. तो ढकलत आणतात, पुढची झडप पाडतात, तुम्ही आत जाता, झडप वर होते आणि तो माणूस बाजूचा दांडा फिरवू लागतो. स्वित्झर्लंड-जर्मनीत हाताने फिरवायच्या लिफ्ट अजून बऱ्याच आहेत. तुम्ही इंचाइंचाने वर जाता, खिडकीतले प्रवासी बघतात, गाडी तुमच्यासाठी थांबलेली असते. पहिल्यांदा कानकोंडं व्हायला होतं. मग सवय होते.

स्कूटरवर वेगाच्या बटणाशी कासव आणि ससा असं चित्र असेल तर बटण पूर्ण कासवाकडे न्या. रॅम्पवर तिरकं चढू नका. आधी लांबून सरळ रेषेत या, मग पुढे. रॅम्पच्या मध्यावर थांबू नका, आणि वर जाताना पुढे झुका. मागची छोटी अँटी-टिप चाकं (स्कूटर मागे उलटू नये म्हणून असतात ती) रॅम्पच्या सुरुवातीला घासली तर घाबरून लिव्हर सोडू नका. उतरताना बहुतेक जण उलटं उतरायला सांगतात. त्याआधी मागे कोणाचं पोर उभं नाही ना, हे सोबत्याला बघू द्या.

गाडी सुरू झाल्यावर स्कूटरवरच बसून राहायचं का?

सीटवर बसा. स्कूटर अरुंद आणि उंच असते. गाडीने वळण घेतलं की झोल जातो. कित्येक कंपन्या तर सीटवर सरकता येत असेल तरच स्कूटर घेतात. व्हीलचेअरच्या जागेत स्कूटर उभी करून किल्ली काढा, म्हणजे चुंबकीय ब्रेक आपोआप लागतो. ढकलण्यासाठीचं फ्रीव्हील लिव्हर चुकून मोकळं राहिलं नाही ना, हे हाताने चाचपून बघा. ते मोकळं असेल तर किल्ली काढूनही उपयोग नाही, स्कूटर डब्यात हिंडायला लागते. आणि दुसरी किल्ली सोबत्याच्या पाकिटात ठेवा. तुमच्या पाकिटात नको. पहिली तिथेच असते.

व्हीलचेअरच्या जागा किती असतात? तिकीट साध्या संकेतस्थळावर मिळतं का?

फार थोड्या. नियमाप्रमाणे ३० मीटरपेक्षा आखूड गाडीत एक, २०५ मीटरपर्यंत दोन, ३०० मीटरपर्यंत तीन, आणि त्याहून लांब गाडीत चार. म्हणजे शेकडो सीटांच्या लांबलचक गाडीत चार जागा. जुलै-ऑगस्टमध्ये, आणि आपल्या लोकांच्या आवडत्या मे महिन्यातसुद्धा, त्या आधीच भरतात. बऱ्याच कंपन्यांत ही जागा फोनवर, फॉर्म भरून किंवा ईमेलनेच मिळते. आधी जागा पक्की करा, मग हॉटेल. उलट क्रमाने गेलात तर हॉटेलचे पैसे बुडतात.

युरेल पास ३३ देशांत चालतो आणि भारतीयांना घेता येतो. साठीच्या पुढच्यांना १० टक्के सूट आहे. पण पास म्हणजे आरक्षण नव्हे. व्हीलचेअरची जागा वेगळीच मागावी लागते. दोन-तीन शहरांचाच बेत असेल तर पासच्या नादी लागू नका, सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात.

कुठला देश सोपा, कुठला अवघड?

प्लॅटफॉर्मची उंची बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे. महासंघाच्या नियमात दोन प्रमाण उंच्या आहेत, ५५ आणि ७६ सेंमी, आणि देशोदेशी पूर्वीच्या उंच्याही शिल्लक आहेत.

नेदरलँड्स सगळ्यात सोपा. तिथे प्लॅटफॉर्म ७६ सेंमीचे, नव्या स्प्रिंटर गाड्यांची फरशी त्याला जुळणारी, आणि दार उघडताना फट झाकायला पायरी बाहेर सरकते. अशा गाडीत कोणालाही न सांगता स्वतः शिरता येतं. दुमजली इंटरसिटीला रॅम्प लागतो. शिवाय देश सपाट आणि स्कूटमोबिल सायकलच्या वाटेवरून न्यायची मुभा, म्हणजे स्टेशनाबाहेरही फारसं अडत नाही. स्कूटरचा पहिलाच परदेश प्रवास असेल तर इथून सुरुवात करा.

जर्मनीत गाड्या भरपूर, पण प्लॅटफॉर्मच्या उंच्या नाना तऱ्हेच्या: ३८, ५५, ७६, आणि एस-बानला, म्हणजे शहरी लोकलला, ९६. आयसीई या जलद गाड्यांची फरशी त्याहून वर, म्हणून लिफ्ट लागते. आयसीई ४ या गाडीत लिफ्ट डब्यातच बसवलेली आहे. प्लॅटफॉर्मवरच्या पिंजऱ्याची वाट बघावी लागत नाही. तिथली खरी डोकेदुखी वेगळीच. गाडी कधीकधी उलट्या क्रमाने येते, आणि व्हीलचेअरचा डबा तुम्ही उभे आहात त्याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला जातो. सोबतीला मदतनीस असेल तर गाडी थांबते. नसेल तर स्कूटरचं बटण सशाकडे न्यायची हीच वेळ. उशीर आणि ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलणं, हेही गृहीत धरा.

स्वित्झर्लंडबद्दल आपल्याकडे भाबडा समज आहे की तिथे सगळं परिपूर्ण. अपंगांच्या समानतेचा त्यांचा कायदा २००४ साली आला आणि स्टेशनं सुधारायला २०२३ अखेरपर्यंत मुदत होती. ती टळून गेली, कित्येक स्टेशनं राहिली. पण त्यांची माहितीची शिस्त अशी की बाकीच्यांनी शिकावी. वेळापत्रकात प्रत्येक गाडीपुढे चिन्ह असतं: स्वतः चढता येईल, कर्मचारी मदत करतील, आधी कळवा, किंवा या स्टेशनासाठी रेल्वेऐवजी मोटारीची सोय करू. झ्युरिच-मिलान मार्गावरची जिरुनो गाडी मला फार आवडते. तिला ५५ आणि ७६ अशा दोन्ही उंचीच्या प्लॅटफॉर्मसाठी वेगवेगळी दारं आहेत, कारण तिला जर्मनी आणि इटलीतही धावायचं होतं. ती ५७ किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यातून जाते. डोंगर बघायचे असतील तर खिडकीत काही नाही हे लक्षात ठेवा, पण पलीकडे बाहेर पडताना आभाळाचा रंगच बदललेला असतो.

युंगफ्राउयोखचा हट्ट असेल (आपल्या माणसाचा असतोच), तर ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेली आयगर एक्सप्रेस ही गोंडोला आहे. तिच्यामुळे जुन्या मार्गावरची बदलाबदली कमी झाली. वर ३४५४ मीटर उंचीवर हवा विरळ असते, तेव्हा स्कूटरच्या आधी डॉक्टरांना विचारा.

ऑस्ट्रियात रेलजेट गाडीत स्वतःची लिफ्ट आहे. इटलीत मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मदत कचेरी असते. माणसं प्रेमळ, पण वेळेच्या आधी पोचा. स्पेनमध्ये जलद गाड्यांना सामानाची एक्स-रे तपासणी असते, त्यामुळे तिथेही लवकर जायला हवं. फ्रान्समध्ये टीजीव्ही या जलद गाडीत व्हीलचेअरची जागा अनेकदा पहिल्या वर्गात असते आणि भाडं दुसऱ्या वर्गाचं लागतं, ही तेवढी मजा आहे.

ब्रिटनमधले प्लॅटफॉर्म ९१.५ सेंमी, म्हणजे चांगलेच उंच, तरी गाडीची फरशी बहुतेक ठिकाणी आणखी वर. म्हणून हाताने टाकायचा रॅम्प. पूर्व इंग्लंडातल्या ग्रेटर अँग्लियाच्या नव्या गाड्या मात्र जवळपास सपाट पातळीच्या आहेत.

गाडी बदलायची असेल तर?

बदल कमी करा, आणि करायचाच असेल तर टर्मिनस स्टेशनात करा. फ्रँकफर्ट, म्युनिक, लाइपझिग, मिलान सेंट्रल, रोम टर्मिनी इथे रूळ संपतात आणि त्यांच्या पुढे सलग मोठा चौक असतो. एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जायला लिफ्ट किंवा पूल लागत नाही. सीएसएमटीला लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरून लोकलकडे जाता, अगदी तसंच. मिलानला हा चौक रस्त्याच्या वरच्या मजल्यावर आहे, एवढी एकदाच लिफ्ट. मधल्या स्टेशनात, जिथे गाड्या आरपार जातात, तिथे एक लिफ्ट बंद पडली की सगळं अडतं.

दोन गाड्यांमध्ये अ‍ॅप आठ मिनिटं दाखवेल. तुम्ही पाऊण तास धरा. मदतनीसाला दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरून यायचं असतं, आणि तो एकटाच असतो.

पॅरिस आणि लंडनमध्ये एका स्टेशनातून दुसऱ्यात कसं जायचं?

पॅरिसमध्ये मेट्रोच्या भानगडीत पडू नका. १४ नंबरची लाइन पूर्णपणे सुगम आहे, बाकीचं जुनं जाळं म्हणजे जिने आणि जिने. बस किंवा रॅम्पवाली टॅक्सी घ्या. लंडनची एलिझाबेथ लाइन मे २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या सगळ्या ४१ स्टेशनांत रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत पायऱ्या नाहीत, आणि ती हीथ्रोपर्यंत जाते. मुंबईहून उतरणाऱ्याला याहून चांगलं काय हवं. लंडनच्या बसला मात्र स्कूटर ६० सेंमी रुंद आणि १०० सेंमी लांब, यापेक्षा मोठी चालत नाही.

गाडीतलं शौचालय?

विचारायला सगळे संकोचतात आणि सगळ्यांना विचारायचं असतं. नव्या गाड्यांत व्हीलचेअरसाठीचं मोठं शौचालय व्हीलचेअरच्या जागेजवळच असतं, सरकत्या दाराचं, आधाराच्या दांड्यांसह. स्कूटर आत नेऊन वळवता येईल या भ्रमात राहू नका. घडीची काठी हाताशी ठेवा आणि चार पावलं चालत जा. दार बंद करायचं आणि कडी लावायची बटणं वेगवेगळी असतात, दोन्ही दाबा. पाण्याची सवय असेल त्यांनी छोटी बाटली सोबत न्यावी, आत फक्त कागद असतो.

मुंबईहून विमानात स्कूटर आणि बॅटरी नेता येते का?

येते, पण बॅटरीचं गणित आधी करा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. स्कूटरमधून काढता येणारी लिथियम-आयन बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत चालते. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, बसली. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६०, अडली. दोन बॅटऱ्यांवर चालणारी स्कूटर असेल तर प्रत्येकी १६० पर्यंत. जादा बॅटरी न्यायची तर ३०० ची एक किंवा १६० च्या दोन. काढलेली बॅटरी टोकांना टेप लावून हातातल्या सामानात घ्यायची, चेक-इनमध्ये अजिबात नाही. विमान कंपनीची मंजुरी आधीच लागते. निदान ४८ तास आधी कळवा, आणि मंजुरीची ईमेल छापून जवळ ठेवा. काउंटरवरची मुलगी नियम वाचायला बसते तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

जेल किंवा ड्राय बॅटरीही चालते, पण ती जड असते. स्कूटर विकत घ्यायची असेल तर दुकानदाराला रंग विचारण्याआधी वॉट-अवर विचारा.

चार्जिंगचं काय?

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको, फक्त पिन बदला. मुख्य युरोपात गोल दोन पिनांचा प्लग, स्वित्झर्लंडला स्वतःचा वेगळा, ब्रिटनला चौकोनी तीन पिनांचा. आपला जाड तीन पिनांचा प्लग कुठेच शिरत नाही. रात्री हॉटेलात चार्ज करा. गाडीतलं सॉकेट फोनसाठी आहे असं समजा.

लिफ्ट बंद असेल, किंवा मदतनीस आलाच नाही तर?

जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये कुठल्या स्टेशनातली लिफ्ट बंद आहे हे ऑनलाइन दिसतं; निघण्यापूर्वी बघा. मदतनीस आला नाही तर गार्डला हात करा आणि दाराशीच थांबा. उतरायचं असेल तर सोबत्याने दारात उभं राहावं. पहाटेच्या पहिल्या आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीला लहान स्टेशनांवर मदत मिळतेच असं नाही. ठराविक वेळेतच माणसं असतात.

गाडी तासभर उशिरा पोचली तर युरोपीय कायद्याप्रमाणे भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांच्या पुढे ५० टक्के मागता येतात. काही अपवाद आहेत, पण अर्ज करायला काय जातं.

स्कूटरची मोडतोड झाली तर भरपाई कोण देतं?

रेल्वेच्या किंवा त्यांच्या माणसांच्या हातून नुकसान झालं तर दुरुस्तीचा किंवा नव्याचा खर्च रेल्वेने द्यायचा, असं महासंघाचा कायदा सांगतो. विमानात तसं नाही. आंतरराष्ट्रीय करारानुसार सामानाच्या भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण पावणेदोन-दोन लाख रुपये. छोट्या स्कूटरला ते पुरतं. महागडी असेल तर चेक-इनलाच जास्त किमतीची नोंद करून घ्या. शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोंचा विमा लागतो, पण तो दवाखान्याचा. त्यात स्कूटर आली असं समजू नका, पॉलिसी वाचा. निघताना स्कूटरचे चारी बाजूंनी फोटो काढा, तारखेसकट.

न्यायची त्यापेक्षा तिकडेच भाड्याने घेतली तर?

एकाच शहरात राहणार असाल तर जरूर. मोठ्या पर्यटन शहरांत हॉटेलवर आणून देणारे भेटतात. ब्रिटनमध्ये शॉपमोबिलिटी नावाची केंद्रं बऱ्याच गावांत आहेत. पण भाड्याची स्कूटर बहुधा मोठी असते, आणि गाडीत नेण्याची परवानगी असेलच असं नाही. आणि बसण्याची सवय नसलेल्या सीटवर पाठ दुसऱ्या दिवशी बोलायला लागते. रेल्वेने फिरायचं तर स्वतःचीच बरी.

रात्रीची गाडी?

ऑस्ट्रियाच्या नाइटजेटमध्ये व्हीलचेअरवाल्यांसाठी खास कप्पा असतो. नव्या बनावटीच्या गाड्या डिसेंबर २०२३ पासून धावतात आणि त्यांत तो कमी उंचीच्या फरशीच्या डब्यात आहे. गाडीगणिक असे कप्पे मोजकेच, त्यामुळे विक्री उघडते त्याच दिवशी घ्या.

मदत करणाऱ्याला किती पैसे द्यायचे?

काही नाही. आपला हात आपोआप पर्सकडे जातो, पण तो पगारी कर्मचारी असतो, हमाल नव्हे, आणि नोट पुढे केली की संकोचतो. त्याच्या भाषेत धन्यवाद म्हणा. बाकरवडीचं पाकीट मात्र एकानेही परत केलेलं मी पाहिलेलं नाही.

आम्ही दोघंही स्कूटरवर आहोत. एकाच गाडीने जाता येईल?

जागा दोन असतील आणि दोन्ही रिकाम्या असतील तर हो. छोट्या लोकल गाडीत एकच जागा असते, तिथे एकाला पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. एकाची तरी स्कूटर घडीची असेल तर हा प्रश्न मिटतो: एक व्हीलचेअरच्या जागेत, दुसरी सामानात. मदत मागताना दोघांचा एकच अर्ज करा, पण मापं दोन्ही स्कूटरची वेगवेगळी लिहा. दोन अर्ज केले की दोन ठिकाणी दोन माणसं उभी राहतात आणि रॅम्प तिसरीकडेच असतो.